बरखास्त न होणारा दरबार

फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य औरंगजेबाच्या अमदानीच्या प्रारंभीची काही वर्षे हिंदुस्थानात होता, आणि दिल्लीच्या दरबाराचे जे सविस्तर वर्णन त्याने मागे ठेवले आहे त्यात बादशहाच्या वाढदिवशी होणाऱ्या तुलेची हकीकत येते. भल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात बादशहा बसावयाचा, दुसऱ्यात वजने पडावयाची. आणि एका वर्षी असे आढळून आले की आलमगिराचे वजन गतवर्षापेक्षा दोन रत्तल अधिक भरले, तेव्हा जमलेल्या अमीर-उमरावांनी मोठा हर्ष व्यक्त केला, असे बर्निये सांगतो. हा हर्ष कितपत अंतःकरणपूर्वक होता हे सांगणे कठीण, कारण दरबारातला हर्ष दरबारी पोशाखासारखाच असतो, निघताना अंगावर चढवावयाचा आणि घरी परतल्यावर खुंटीस अडकवावयाचा. परंतु ज्या शहरात आज काट्यावर दोन रत्तल अधिक दिसताच एखाद्या विद्यार्थिनीचा सबंध दिवस नासतो, त्याच शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वी तीच गोष्ट मुबारकबादी देण्याजोगी मानली जात होती, ही नोंद शरीराविषयीच्या लाजेचा आणि अभिमानाचा इतिहास जुळवू पाहणाऱ्याने अगोदर टिपून ठेवावी अशी आहे.

आपल्याकडे १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाच्या प्रसंगी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली आणि ती सुमारे १६,००० होनांची भरली, असे इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन याच्या नोंदीवरून कळते. त्या आकड्यावरून महाराजांचे वजन काढण्याचा उद्योग पुढच्या काळात पुष्कळांनी केला, पण त्या दिवशी गडावर हजर असलेल्या कोणास ते गणित सुचले असेल असे वाटत नाही. पारड्यात देह बसत होता खरा, पण मोजले जात होते ते दान.

देहाच्या आकड्याविषयी बेफिकीर असलेला हा काळ माणसाच्या दर्जाच्या आकड्याविषयी मात्र कमालीचा दक्ष होता. अकबराने मनसबदारीची जी व्यवस्था बसविली तीत प्रत्येक सरदारास एक अंक चिकटलेला असे. कोणी शतकी, कोणी हजारी, कोणी पंचहजारी, आणि दरबारात कोणत्या कठड्याच्या आत, कोणाच्या पुढे आणि कोणाच्या पाठीमागे उभे राहावयाचे हे त्या अंकावरून ठरे. माणसाची किंमत आकड्याने सांगण्याची आणि तो आकडा चारचौघांत वागविण्याची ही सवय दिल्ली-आग्र्याच्या हाडीमासी खिळली ती अशी. आणि आजची मुले आपल्या मागे किती हजार अनुयायी आहेत हे ज्या स्वरात सांगतात तो स्वर ऐकला की ‘हजारी’ आणि ‘पंचहजारी’ हे शब्द कोशातून उठून पुन्हा रस्त्यावर आले आहेत असा भास होतो. १२ मे १६६६ रोजी आग्र्यास, बादशहाच्या पन्नासाव्या चांद्र वाढदिवसाच्या दरबारात, शिवाजी महाराजांना जो अपमान सहन झाला नाही तो रांगेतल्या जागेचाच होता हे मराठी वाचकास सांगावयास नको. त्या दिवशी महाराजांनी भर दरबारात पाठ फिरविली आणि ते बाजूला जाऊन बसले. त्यांचे पुढे काय झाले ते आपण शाळेत शिकतो. पण ज्यांनी पाठ फिरविली नाही त्या शेकडो मनसबदारांचे काय होत असे, याचा विचार आपण करीत नाही. ते सायंकाळी हवेलीवर परत जात, पगडी उतरवीत, हुक्का ओढीत आणि रांगेतल्या मागच्या जागेचे दुःख दुसऱ्या दिवसाच्या हजेरीपर्यंत विसरून जात. दरबार कितीही जाचक असो, तो केव्हातरी बरखास्त होत असे. बरखास्त या फारसी शब्दाचा मूळ अर्थ उठणे एवढाच आहे, आणि ज्या कचेरीचे लोक उठतात तेथे माणसाला श्वास घेण्यास सवड मिळते.

आता तसबिरीकडे वळू. अकबर स्वतः चित्रकारांसमोर बसत असे आणि राज्यातील सर्व थोरामोठ्यांच्या तसबिरी काढवून त्यांचा एक भला मोठा संग्रह त्याने करविला होता, असे अबुल फजल आईन-इ-अकबरीत लिहितो. पण पडद्याच्या रिवाजामुळे राजस्त्रियांना समोर बसवून चित्र काढण्याचा प्रघात पडला नाही, आणि या उणिवेतून दिल्लीत एक मोठा मौजेचा धंदा उपजला. एकोणिसाव्या शतकात चांदणी चौकाच्या परिसरातले चितारी हस्तिदंताच्या लहानशा चकतीवर नूरजहान आणि मुमताजमहल यांची चित्रे रंगवून परदेशी प्रवाशांना विकीत. हनुवटीखाली मोत्यांचे सर, कमानदार भुवया, बदामी डोळे आणि दुधासारखा वर्ण. त्या दोघींना प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र त्या चिताऱ्यांच्या हाती कोठून असणार? त्यांनी एक रूप ठरविले आणि तेच दोघींना वाटून दिले. त्या चकत्या इंग्रज मडमांच्या लॉकेटात जाऊन बसल्या, पुढे चहाच्या डब्यांवर आणि साबणाच्या वेष्टनांवर त्याच ठशाच्या सुंदऱ्या अवतरल्या, आणि कधीही अस्तित्वात नसलेल्या एका मुखाचा मानदंड हिंदुस्थानातल्या जिवंत मुखांना लावण्याची सोय झाली. आज फोनमधल्या ज्या चाळण्या कोणाच्याही चेहऱ्यावर तोच एक निमुळता जबडा आणि तीच एक तुकतुकीत त्वचा बसवून देतात, त्या या चिताऱ्यांच्या वंशातल्याच म्हटल्या पाहिजेत. फरक इतकाच की चिताऱ्याला नूरजहान दिसत नव्हती, आणि येथे समोर धडधडीत दिसणारा चेहरा पुसावा लागतो.

सामान्य माणसाजवळ तसबीर नव्हती, आरसा असला तर होता. दिल्लीच्या स्त्रिया अंगठ्यात आरसी नावाची अंगठी घालीत, तिच्या कोंदणात खड्याऐवजी आरशाचा तुकडा बसविलेला असे. मुसलमानी लग्नांत वधूवरांनी एकमेकांचे मुख प्रथम आरशात पाहावे असा जो आरसी-मुसहफ नावाचा विधी आहे, त्यातही आरसा क्षणभरच मधे धरला जातो. बलुतेदार न्हाव्याने सणावारी आरसा दाखवावा आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यावा, ही आपल्या खेड्यांतली चाल त्याच जातीची. आरसा पाहावयाचा आणि बाजूला ठेवावयाचा. त्याला स्मरणशक्ती नसते, आणि तो पाहिलेले दुसऱ्यास सांगत नाही.

हे दोन्ही गुण नसलेले यंत्र दिल्लीत ज्या काळी ठळकपणे दिसू लागले तो काळ विलक्षण होता. १८५७ च्या उठावानंतर उद्ध्वस्त झालेल्या शहरात १८५८ साली फेलिचे बेआतो आपला कॅमेरा घेऊन हिंडला; कॅप्टन रॉबर्ट टायटलर आणि त्याची पत्नी हॅरिएट यांनीही पुष्कळ छायाचित्रे घेतली; आणि त्याच वर्षी कैदेतल्या बहादूरशहा जफराचे ते प्रसिद्ध छायाचित्र निघाले. १८३७ साली तख्तावर आल्यावर दरबारी चित्रकार गुलाम अली खान याने काढलेल्या चित्रात हाच पुरुष जडजवाहीर लेवून, मस्तकाभोवती प्रभामंडल घेऊन बसलेला आहे. वीस वर्षांनंतरच्या छायाचित्रात तो चारपाईवर टेकलेला, हाती हुक्क्याची नळी, आणि डोळे अशा ठिकाणी लागलेले की तेथे काही नाही. ब्याऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्यास पाहावयास येणाऱ्या साहेबांची आणि मडमांची तेव्हा रीघ लागलेली असे. ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेलही येऊन पाहून गेला. नजर या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, एक दृष्टी आणि दुसरा धन्यापुढे ठेवावयाची भेट. दोन्ही अर्थांनी नजरा घेणाऱ्या घराण्याच्या अखेरच्या पुरुषाच्या वाट्यास शेवटी पहिल्याच अर्थाच्या नजरा तेवढ्या आल्या. आपले चित्र आपण काढवून घेणे आणि आपले चित्र दुसऱ्याने काढून नेणे यांतला भेद दिल्लीस प्रथम कळला तो या चारपाईपाशी.

त्यानंतर दहाच वर्षांनी सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा ग्रंथ काढण्यास आरंभ केला. १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले आणि त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती. जातीजमातींचे नमुने पकडून आणून, खुर्चीवर बसवून किंवा भिंतीशी उभे करून घेतलेली ती चित्रे. प्रत्येकाखाली ही जात प्रामाणिक, ती चोरटी, हिची अंगलट अशी, तिची नाकडोळी तशी असा शेरा. १८६९ साली सय्यद अहमद खान, जे दिल्लीत जन्मले आणि ज्यांनी ‘आसारुस्सनादीद’ लिहून या शहराच्या वास्तूंची पहिली मोठी जंत्री केली, ते आपल्या मुलांसह विलायतेस गेले असता इंडिया ऑफिसात हा ग्रंथ त्यांच्या पाहण्यात आला. हिंदुस्थानात नोकरीवर निघालेले तरुण इंग्रज अधिकारी प्रयाणापूर्वी हेच पुस्तक चाळतात, हे पाहून त्यांच्या मनास फार लागले, आणि तेथे घडलेला एक प्रसंग त्यांनी घरी धाडलेल्या पत्रात लिहून कळविला. त्यांचा मुलगा महमूद ती चित्रे पाहत असता जवळच्या एका इंग्रज तरुणाने त्यास विचारले की तू हिंदुस्थानी काय. महमूदने होय म्हटले, पण म्हणताना त्याचा चेहरा लाल झाला, आणि त्याने घाईघाईने पुस्ती जोडली की आम्ही येथले मूळचे नव्हेत, आमचे पूर्वज दुसऱ्या देशातून आलेले.

या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. महमूद पुढे अलाहाबादेच्या हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. तो बुद्धीने, कुळाने, विद्येने कोणास हार जाणारा नव्हता. त्या पुस्तकात त्याचे स्वतःचे चित्र नव्हते. तरीही परक्याने मांडलेल्या चित्रांच्या ओळीत आपणास कोठे बसवितील या एका विचाराने तो शरमला, आणि शरमेतून सुटण्यासाठी त्याला जो मार्ग सुचला तो ओळीतल्या बाकीच्यांना खाली ठेवून आपण वर सरकण्याचा होता. त्याची कीव करावी की त्यास दोष द्यावा हे माझ्याने ठरववत नाही. दुसऱ्याचे छायाचित्र पाहून स्वतःला मोजणे आणि मोजून झाल्यावर तिसऱ्याला तुच्छ लेखून सावरणे, ही क्रिया आज दिल्लीच्या मेट्रोत आझादपूर ते सिकंदरपूर या प्रवासात अंगठ्याच्या टोकाने किती वेळा होत असेल याचा अदमास करावा म्हणजे झाले.

दुसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्जच्या दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे निजामानंतर मुजऱ्यास पुढे झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या शेतकरी घरात गोपाळराव म्हणून जन्मलेला, १८७५ साली दत्तक होऊन गादीवर आलेला, आणि त्या दिवसापर्यंत सक्तीच्या शिक्षणासारखे कायदे करून दाखविलेला हा पुरुष. संस्थानिकांनी तीनदा लवून मुजरा करावा आणि राजास पाठ न दाखविता मागे सरत जावे, असा शिरस्ता ठरविलेला होता. सयाजीराव साधा पांढरा पोशाख घालून हाती काठी घेऊन आले, एकदा लवले आणि वळून चालू लागले. त्यात हेतू होता की गोंधळ, याचा निर्णय अद्याप इतिहासकारांत झालेला नाही. स्वतः महाराजांनी गडबडीत चूक झाल्याचे पत्र लॉर्ड हार्डिंज यांस लिहिले. परंतु आपणास येथे पाहावयाचे आहे ते निराळेच. त्या दरबारात चलच्चित्रांचे कॅमेरे लावलेले होते. जुन्या काळी असता तर हा बेअदबीचा प्रसंग शंभर-दोनशे मानकऱ्यांनी पाहिला असता, दोन-चार बखरींत लिहिला गेला असता, आणि ज्याची बखर त्याचा निवाडा असे होऊन मिटला असता. येथे तो फितीवर उतरला आणि लंडनच्या चित्रपटगृहांतून, ज्यांनी बडोदे हे नावही पूर्वी ऐकले नसेल अशा लोकांनी, तिकीट काढून पाहिला. विलायतेच्या वर्तमानपत्रांतून राजद्रोहापर्यंतची भाषा झाली. ती फीत आजही पाहावयास मिळते. त्यातला तो भाग डोळ्याचे पाते लवण्याइतकाच आहे. माणसाच्या चालण्याचा, लवण्याचा, अंगावरच्या कपड्याचा एक क्षण मूळ प्रसंगापासून सोडवून घ्यावा आणि अपरिचितांच्या समुदायापुढे निवाड्यासाठी पुनःपुन्हा फिरवावा, ही जी रीत आज शाळकरी मुलांच्याही परिचयाची झाली आहे, तिचा हिंदुस्थानातला पहिला मानकरी एक मराठा राजा होता, आणि स्थळ दिल्ली होते. त्या दिवशीचा दरबार सयाजीरावांपुरता सायंकाळी उठला नाही. आग्र्याच्या पाठीला आणि दिल्लीच्या पाठीला मध्ये जी अडीचशे वर्षे गेली त्यांत मनुष्यस्वभाव फारसा बदलला असेल असे वाटत नाही. बदलली ती साक्षीदारांची संख्या.

यानंतरचा काळ स्टुडिओंचा. राजधानी दिल्लीस आली, कॅनॉट प्लेसच्या ओवऱ्यांतून छायाचित्रकारांच्या पाट्या लागल्या. १९१५ साली श्रीनगरात निघालेली महत्ता यांची पेढी फाळणीच्या धामधुमीत येथे येऊन स्थिरावली, आणि सचिवालयातल्या नोकरीच्या निमित्ताने आलेल्या मराठी कारकुनांची, हिशेबनिसांची, अधिकाऱ्यांची बिऱ्हाडे गोल मार्केट, करोल बाग, पहाडगंज, विनयनगर या भागांतून पडली. या घरांतून मुलीचे वय झाले की फोटो काढण्याचा एक विधी होई. पुण्याला, नागपूरला, इंदुराला स्थळे पाहावयाची. मुलगी दाखवावयास इतक्या दूर कोण नेणार? तेव्हा पत्रिकेसोबत फोटो पाठवावयाचा, आणि पसंती कळविण्यास उलट टपालाची विनंती करावयाची. आईची पैठणी, शेजारणीचा तन्मणी, स्टुडिओतली कृत्रिम फुलदाणी आणि रंगविलेल्या पडद्यावरचे सरोवर. छायाचित्रकार म्हणे हनुवटी किंचित खाली, आणि हनुवटी खाली गेली की जी मुलगी फोटोत येई ती घरातल्या कोणाच्याच ओळखीची नसे.

खरी कारागिरी पुढेच होती. स्टुडिओच्या आतल्या खोलीत एका उतरत्या चौकटीवर काचेची अथवा फिल्मची निगेटिव्ह बसविलेली असे. खाली आरसा, त्यावरून परावर्तित झालेला उजेड निगेटिव्हमधून वर येई, आणि रिटचिंग करणारा मनुष्य भिंग डोळ्याशी धरून, पॉलिश कागदावर घासून सुईसारख्या केलेल्या शिसपेन्सिलीने तीवर अगदी बारीक ठिपके आणि स्वल्पविरामासारख्या रेघा ओढीत बसे. निगेटिव्हमध्ये जे काळे ते कागदावर पांढरे, आणि जे पारदर्शक ते काळे. म्हणून डोळ्याखालची छाया, कपाळाची आठी, देवीचे व्रण हे सारे तेथे फिकट खळगे होऊन दिसत, आणि ते शिशाने भरले की छापताना चेहरा उजळ निघे. काळ्या शिशाने माणूस गोरा करण्याची ही विद्या मला नेहमीच अद्भुत वाटत आली आहे. ज्या काळी देवीने घरटी एकतरी चेहरा बिघडविलेला असे, त्या काळी या पेन्सिलीने किती मुलींची लग्ने जमविली असतील आणि पाहण्याच्या कार्यक्रमात किती मोडली असतील, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. १९७५ नंतर देवी या देशातून गेली. त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरने फेअर अँड लव्हली बाजारात आणली, हा केवळ योगायोग; आणि शिसपेन्सिलीचे काम चेहऱ्यावरच करण्याचे आश्वासन देणारी ती ट्यूब पंचेचाळीस वर्षे त्याच नावाने खपली, २०२० साली तिच्या नावातला गोरेपणा काढून टाकण्यात आला. नावातलाच, असे म्हणणे प्राप्त आहे.

परंतु एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या रिटच केलेल्या फोटोचे पुढे काय होई? लग्न जमले तर सासरच्या भिंतीवर, न जमले तर ट्रंकेत, जुन्या पातळाच्या घडीखाली. मुलीला नकार आला तर तो पोस्टकार्डावर येई, बहुधा पत्रिका जुळत नाही अशा सभ्य शब्दांत, आणि वडील ते कार्ड वाचून कोटाच्या खिशात ठेवीत. ती व्यवस्था न्यायाची होती असे मी मुळीच म्हणणार नाही. पोह्यांच्या बशीसमोर मान खाली घालून बसलेल्या मुलीला चालून दाखव म्हणणारे लोक आणि त्यांना ते म्हणू देणारा समाज यांची आठवण सुखाची नाही. पण त्या अपमानालाही वार होता, तिथी होती, आणि दोन स्थळांच्या मधे महिने जात. त्या महिन्यांत मुलगी पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकवी, गणेशोत्सवात नाटकात काम करी, आणि आपले नाक कसे आहे हे विसरून जाई. स्वतःचा चेहरा विसरण्याची ही सोय त्या काळाने कोणास मुद्दाम दिलेली नव्हती; फोटो महाग होता, एवढेच तिचे कारण.

विनयनगराचे पुढे सरोजिनीनगर झाले आणि तेथला कपड्यांचा बाजार प्रसिद्धीस आला. १९९४ साली मिस युनिव्हर्स झालेली सुष्मिता सेन ही हवाई दलातल्या अधिकाऱ्याची दिल्लीत वाढलेली मुलगी. मिस इंडियाच्या स्पर्धेत घातलेल्या गाऊनचे कापड याच बाजारातून आणले होते, ते पेटीकोट शिवणाऱ्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घेतले आणि हातमोजे पायमोजांचे केले, हे तिने स्वतः सांगितले आहे. ही हकीकत ऐकताना मन प्रसन्न होते, कारण तीत साधनांची उणीव लपविलेली नाही. तिच्या विजयानंतर राजधानीत सौंदर्याच्या व्यवसायाची भरभराट झाली. वजन उतरविण्याची दुकाने तर त्याच्याही आधी निघाली होती. व्हीएलसीसीचे पहिले केंद्र १९८९ चे, दिल्लीचेच. औरंगजेबाचे दोन रत्तल उतरविण्यास लोक आता पैसे मोजू लागले.

राहिले ते फोनचे प्रकरण. ते इतके ताजे आहे की त्यास इतिहास म्हणताना जीभ अडखळते; पण सनावळी द्यावयाची तर फेसबुकने आवडल्याचा अंगठा २००९ साली आणला, इन्स्टाग्राम २०१० च्या ऑक्टोबरात निघाले, २०१६ च्या सप्टेंबरात जिओच्या आगमनाने डेटा कवडीमोल झाला, २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने या देशात रील सुरू केल्या. या दहा-बारा वर्षांत दिल्लीच्या भूगोलाचाही अर्थ बदलला. अग्रसेनची बावडी, हौज खासचा तलाव, लोधी कॉलनीतल्या सरकारी क्वार्टरांच्या रंगविलेल्या भिंती, गुरगावचे काचेचे मनोरे, सरोजिनीनगराचे ढीग ही सर्व स्थळे त्या स्टुडिओतल्या सरोवराच्या पडद्याची जागा घेऊ लागली. मेट्रोच्या डब्यात चित्रण करू नये अशा सूचना देण्याची पाळी मेट्रोच्या व्यवस्थापनावर आली. इंद्रप्रस्थ माहिती-तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कार्नेगी मेलनच्या सहकाऱ्यांसह २०१६ साली सेल्फी काढताना झालेले १२७ मृत्यू मोजले, तेव्हा त्यांतले ७६ एकट्या भारतातले निघाले. दोन वर्षांनी एम्सच्या डॉक्टरांनी २०११ ते २०१७ या काळातले जगभरचे २५९ मोजले, आणि त्यांतही आपला देश पहिला होता. त्याच एम्समध्ये आता अशा सवयींच्या रुग्णांसाठी निराळा दवाखाना आहे. मेले ते मोजता येतात. जे आरशासमोर उभे राहून निमूटपणे स्वतःला नापसंत करतात त्यांची मोजणी करण्यास इन्स्टाग्रामने स्वतःच आपल्या घरात संशोधन करविले होते. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असते त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी या माध्यमामुळे ते दुःख वाढते असे सांगितले होते, आणि ही गोष्ट २०२१ साली कंपनीतली कागदपत्रे बाहेर आली तेव्हा जगास कळली.

या सर्वाला तरुणांचा नटवेपणा म्हणून हात झटकणारे वडीलधारे मला भेटतात तेव्हा मी त्यांना त्यांच्या आईच्या ट्रंकेची आठवण देतो. नटणे पूर्वीही होते, गोरे करणेही होते, परक्या नजरेने स्वतःस मोजणे तर महमूदाच्या आधीपासून होते. आणि चित्र दुसऱ्याने ओढून नेण्याची विटंबना बहादूरशहाने सोसली. त्या मानाने आजच्या मुलीच्या हाती कॅमेरा तिचा आहे, चाळणी तिची आहे, हनुवटी खाली घेण्याचा हुकूमही तिचाच आहे, ही प्रगतीच म्हणावी लागेल. मात्र तिचा दरबार उठत नाही. पसंतीची पोस्टकार्डे रात्री दोन वाजता येतात, तीही हजारोंनी, आणि न आलेली कार्डेही मोजता येतात. कंपनीने २०२१ साली अंगठ्यांची संख्या लपविण्याची मुभा दिली. ती किती जणांनी वापरली असेल याची कल्पना ज्याला मनसबदारीचा इतिहास ठाऊक आहे त्याला करता येईल. आपला अंक झाकून दरबारात उभा राहणारा पंचहजारी कोणी पाहिला आहे?

गेल्या हिवाळ्यात मी बुराडीच्या वाटेवरच्या कॉरोनेशन पार्कात गेलो होतो. १९११ चा दरबार जेथे भरला तेच हे मैदान. मध्ये स्मारकस्तंभ आहे, आणि इंडिया गेटजवळच्या छत्रीतून १९६८ साली काढलेला पंचम जॉर्जचा प्रचंड संगमरवरी पुतळा आता येथे उभा आहे, आजूबाजूस त्याच्या काळच्या लाटसाहेबांचे पुतळे, कोणाचे नाक गेलेले, कोणाचा हात. दुपारच्या उन्हात चार मुली आणि दोन मुलगे तेथे आले. त्यांनी बादशहास क्षणभर पाहिले, मग एकेक करून त्याच्याकडे पाठ केली, हात लांब करून फोन वर धरला आणि हनुवट्या किंचित खाली घेतल्या. राजा त्यांच्या खांद्यांमागे, पडद्याच्या कोपऱ्यात, झग्याच्या घोळापुरता आला होता. त्यांतली एक मुलगी फोटो पाहून म्हणाली, मी यात जाडी दिसते, पुन्हा काढ. पुन्हा काढला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून आपला दंड न्याहाळला आणि मान हलविली. ऊन उतरेपर्यंत मी समोरच्या बाकावर बसून होतो. रखवालदार शिट्टी वाजवीत बाग बंद होण्याची वेळ झाल्याचे सांगत आला, तेव्हा ती सहाही मुले फाटकाकडे निघाली, आणि चालता चालता त्या मुलीची नजर तळहातातल्या उजेडावर होती.